बिल्डने सोर्सला हात लावायचा नाही!

आजचा भाग छोटा आहे. लोकलच्या गर्दीत नीट ऐकता आला नसेल, तर हे वाचा.

कुठल्याही अ‍ॅपच्या ‘अबाऊट’मध्ये गेलात की व्हर्जन नंबर दिसतो. तो तिथे येतो कुठून? दर रिलीजला कोणी हाताने टाईप करत बसत नाही. बिल्ड चालू असताना, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार होत असताना, एखादी स्क्रिप्ट तो नंबर घालते.

पहिल्या नोकरीत अशी स्क्रिप्ट मीच लिहिली होती. सोर्स फाइलमध्ये नंबरच्या जागी एक खूणशब्द ठेवला. बिल्डच्या वेळी ‘सेड’ कमांड त्याच फाइलमध्ये त्या जागी नंबर आणि तारीख भरणार. एका ओळीचं काम, मी स्वतःवरच खूश!

मग त्रास सुरू झाला. कोणी एक अक्षर लिहिलेलं नसलं, तरी बिल्डनंतर गिट सांगणार, ‘फाइल बदललीये’. त्यात आमचं ‘मेक’ हे टूल फाइलमधला मजकूर बघत नाही, ती शेवटची कधी बदलली ती वेळ बघतं. आणि ही फाइल जवळजवळ सगळ्या कोडमध्ये इन्क्लूड केलेली! म्हणजे दर वेळी सगळं पहिल्यापासून कंपाइल. चहा पिऊन आलो तरी संपायचं नाही.

खरा घोळ पुढे झाला. एकाने चुकून ती बदललेली फाइलच कमिट केली. खूणशब्द गेला, नंबर कायमचा बसला. पुढच्या रिलीजला सेडला खूणशब्द सापडला नाही, आणि बदलायला काही मिळालं नाही म्हणून सेड एरर देत नाही. बिल्ड पास! नवं अ‍ॅप जुन्या नंबरने बाहेर गेलं. तक्रारी आल्या तेव्हा आम्ही दिवसभर जुन्या कोडमध्ये बग शोधत बसलो.

उपाय सोपा आहे. खूणशब्द असलेली फाइल हा फक्त साचा. तिला हात लावायचा नाही. त्यातून नवी फाइल बनवायची, ती वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर गिट-इग्नोरमध्ये. सी-मेकमधलं ‘कॉन्फिगर फाइल’ हेच करतं. वर मजकूर तोच असेल, तर नवी फाइल पुन्हा लिहीतही नाही, म्हणजे फुकटचं कंपाइल वाचतं. अँड्रॉइडवाल्यांनो, तुमचं ‘बिल्डकॉन्फिग’सुद्धा बिल्ड फोल्डरमध्येच तयार होतं.

हा झाला माझा गोंधळ. पण हेच कोणी मुद्दाम केलं तर?

अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीवरचा हल्ला डिसेंबर २०२० मध्ये उघड झाला. ‘सनस्पॉट’ नावाचा प्रोग्राम त्यांच्या बिल्ड मशीनवर लपून बसला होता. ‘ओरायन’ या प्रॉडक्टचा बिल्ड सुरू झाला की तो एक सोर्स फाइल बदलायचा, कंपाइल होऊ द्यायचा आणि मूळ फाइल परत जागेवर ठेवायचा. कोड वाचणाऱ्याला काय दिसणार? सगळं स्वच्छ! आणि अपडेटवर कंपनीचीच डिजिटल सही. ते जास्तीत जास्त १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं असावं, असा कंपनीचा अंदाज होता.

असा चोर नुसत्या वेगळ्या फोल्डरने थांबत नाही. त्याला पकडायचा एक मार्ग आहे: तोच कोड दोन वेगळ्या मशीनवर बिल्ड करायचा आणि दोन्ही फाइली बाइट-बाइट जुळतात का बघायचं. याला रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात. पण माझ्यासारखी तुमची स्क्रिप्ट दर वेळी आजची तारीख घालत असेल, तर त्या कधीच जुळणार नाहीत. म्हणून तारीख हवीच असेल, तर शेवटच्या कमिटची घ्या.

आज एकच काम करा. स्वच्छ क्लोन घ्या, बिल्ड चालवा आणि मग ‘गिट स्टेटस’ बघा. एक जरी फाइल बदललेली दिसली, तर तुमच्याकडेही माझ्यासारखा कोणी हुशार आहे!

भेटूया पुढच्या भागात.