भुताला फसवणारी टोपी!

आजी बाळाच्या गालावर काजळाची तीट लावते, पाहिलंयस ना? नजर लागू नये म्हणून!

पण काही लोक तीट लावत नाहीत. ते बाळाचं चक्क फूल करून टाकतात!

कसं? टोपीनं! लाल, गुलाबी, हिरवी, गोंडेच गोंडे लावलेली टोपी. म्हणे, आकाशातून डोकावणाऱ्या भुतांना वाटतं, 'अरे, हे तर नुसतं फूल!' आणि ती निघून जातात. बाळ मात्र आईच्या पाठीवर, नक्षीदार झोळीत ढाराढूर!

अशी टोपी शिवणाऱ्यांना म्हणतात ह्मोंग लोक. त्यांचे पूर्वज चीनमधले. त्यातले बरेच जण पुढे लाओसच्या डोंगरांत येऊन राहिले. लाओस कुठे? नकाशात भारतावर बोट ठेव. उजवीकडे सरकव. म्यानमार ओलांडलास, की आलंच!

आपल्या नक्षीच्या कापडाला ते म्हणतात 'पा न्दाउ'. म्हणजे फुलांचं कापड.

आता गंमत ऐक. हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, की पहिल्याच्या शेवटी 'जे' येतो आणि दुसऱ्याच्या शेवटी 'बी'. पण ती अक्षरं उच्चारायचीच नाहीत! मग लिहायची कशाला? अरे, त्या सुराच्या खुणा आहेत! 'बी' म्हणजे आवाज उंच ठेव. 'जे' म्हणजे उंचावरून खाली घसर. अगदी घसरगुंडीसारखा! सूर चुकला की शब्दाचा अर्थच बदलतो.

लिहायची ही पद्धत तशी नवीच, 1950 नंतरची. त्याआधी बहुतेक ह्मोंग लोकांकडे लिपीच नव्हती. पण ते एक दंतकथा सांगतात. फार पूर्वी म्हणे आपल्याकडे पुस्तक होतं, अक्षरं होती. ती हरवली. मग बायकांनी ती अक्षरं कापडावरच्या नक्षीत लपवून ठेवली! खरं-खोटं कोण जाणे. मला मात्र ही कथा फार आवडते.

ती नक्षी करतात कशी? घरीच बघ की! एक लाल आणि एक पिवळा घोटीव कागद घे. लाल कागदाची घडी घाल, कात्रीनं नक्षी काप, उलगड आणि पिवळ्यावर ठेव. दिसली ना फटींतून पिवळी वळणं? ह्मोंग बायका हेच कापडावर करतात. वरचं कापड कापायचं, कडा सुईच्या टोकानं आत दुमडायची आणि बारीक टाक्यांनी शिवायची. दुमड केवढी? तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी! आपल्या गोधडीवरचा धावदोरा कसा ऐटीत दिसतो? इथे टाके शोधावे लागतात.

त्यांची एक फार लाडकी नक्षी कुठली, ओळख! गोगलगाय! तिच्या शंखाचं गरगर वेटोळं. मधोमध पणजोबांचे पणजोबा आणि बाहेर एकेक फेरा म्हणजे पुढची पिढी. म्हणजे तू सगळ्यात बाहेरच्या फेऱ्यावर!

मग लाओसमध्ये मोठं युद्ध झालं. 1975 मध्ये ते संपलं, पण ह्मोंग लोकांना तिथे राहणं धोक्याचं झालं. हजारो माणसं जंगलातून चालत मेकाँग नदीपाशी आली. पलीकडे होता थायलंड. नदी केवढी रुंद! कुणी बांबूच्या तराफ्यावर, कुणी टायरच्या ट्यूबवर बसून ती पार केली.

थायलंडच्या छावण्यांमध्ये दिवस जाता जात नव्हते. शेत नाही, काम नाही. पण सुई होती! आणि तिथे एक नवीनच गोष्ट घडली. कापडावर नुसत्या नक्षीऐवजी चित्रं उमटू लागली. बऱ्याचदा पुरुष पेन्सिलीनं चित्र काढून देत आणि बायका ते रंगीत दोऱ्यानं भरत. या झाल्या 'गोष्टीच्या चादरी'!

एक जवळून बघूया? निळं कापड. एका कोपऱ्यात गाव, भाताचं शेत, दाणे टिपणाऱ्या कोंबड्या. जरा पुढे विमानं. मग रांगेनं चाललेली माणसं, पाठीवर झोळीतली बाळं. मध्येच नदीचा निळा पट्टा आणि त्यात ट्यूबवर तरंगणारी इवली इवली माणसं! प्रत्येक माणूस तुझ्या बोटाएवढा. नदीपलीकडे छावणी. कधी कधी शेवटी एक विमानही असतं, अमेरिकेला जाणारं.

कारण छावण्यांतले खूप जण पुढे अमेरिकेत गेले. त्यातले कितीतरी मिनेसोटा राज्यात. तिथे थंडीत गुडघाभर बर्फ! तिथल्या सेंट पॉल शहरातली सुनी ली माहीत आहे? टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकणारी! ती ह्मोंगच.

छावणीतले नातेवाईक या चादरी अमेरिकेत पाठवत आणि तिकडची माणसं त्या विकत. पण तिथल्या गिऱ्हाइकांना भडक रंग पसंत पडेनात. मग बदामी, फिकट निळ्या चादरी निघाल्या. मला विचारशील तर भडकच झकास!

आता अशा चादरी अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. सेंट पॉलमध्ये तर ह्मोंग लोकांनी 2021 मध्ये स्वतःचंच संग्रहालय उघडलं!

डोळे मीट आणि बघ. काचेपाशी एक आजी उभी आहे. शेजारी तिची नात. नातीनं लाओस पाहिलेलंच नाही. आजी काचेवर बोट टेकवून सांगतेय, 'हे आमचं शेत. ही नदी. आणि ट्यूबवर बसलेली ही आहे ना, तशीच मी!'

नात नाक काचेला चिकटवून बघते. मग हळूच विचारते, "आणि आजी, कोंबड्यांचं काय झालं?"