केसांत शिरलेला तोतया

जानेवारी २०२५. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड ही गावं अचानक बातम्यांत आली. लोकांचे केस नुसत्या हाताने निघत होते, काही दिवसांत टक्कल पडत होतं. शाम्पू, पाणी, बुरशी अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात सेलेनियम खूपच जास्त निघालं.

आता सेलेनियमचं केसांशी काय वैर? पिरिऑडिक टेबल आठवा. गंधकाच्या, म्हणजे सल्फरच्या बरोब्बर खाली सेलेनियम बसलंय. दोघांचं वागणं इतकं सारखं की जमिनीत सेलेनियम जास्त असेल, तर गव्हाची मुळं ते सल्फरच्याच वाटेने आत घेतात. पुढे मेथिओनिन या अमिनो आम्लात सल्फरच्या जागी तेच जाऊन बसतं. तोतयाच म्हणा ना!

आपले केस केराटिनचे. त्याचे धागे सल्फर-सल्फरच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. पार्लरमध्ये पर्मिंग करताना हेच बंध तोडून पुन्हा जोडतात. सेलेनियमचा अतिरेक झाला की ही बांधणीच कच्ची राहते, असं मानलं जातं.

मग सेलेनियम विषच का? तसंही नाही. थायरॉइडचं हार्मोन कामाला लावणाऱ्या एन्झाइममध्ये सेलेनियम असतं. त्यासाठी शरीर सेलेनोसिस्टीन नावाचं खास २१वं अमिनो आम्ल बनवतं. चीनमधल्या केशान भागात सेलेनियम कमी पडल्यामुळे हृदयाचा आजार पसरला होता.

म्हणजे खेळ सगळा प्रमाणाचा. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरे, ४०० च्या वर जायचं नाही. तिथेच २००८ मध्ये एका सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलवरच्या आकड्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं आणि १० राज्यांतल्या २०१ जणांना बाधा झाली. त्यातल्या अनेकांचे केस गळले.

तेव्हा केस गळतात म्हणून ऑनलाइन ‘हेअर गमी’ मागवताय? आधी लेबल वाचा. मल्टिव्हिटॅमिनमध्येही सेलेनियम असू शकतं, तेही बेरजेत धरा. आणि गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचाराच. केसांसाठी घेतलेली गोळीच केस घेऊन जायला नको!