पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण

पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण हा पशुवैद्यक पदवी अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. जनावरे हाताळणे, तपासणे व त्यांच्यावर उपचार करणे ही कौशल्ये विद्यार्थी या काळात प्रत्यक्ष कृतीतून आत्मसात करतो. जनावराला आपली व्यथा सांगता येत नाही, त्यामुळे निदानाचा मोठा भार पशुवैद्यकाच्या निरीक्षणावर, श्रवणावर आणि स्पर्शावर पडतो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतातील प्रशिक्षणाची माहिती दिली आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

भारतातील पशुवैद्यकीय शिक्षणाचे नियमन भारतीय पशुवैद्यक परिषद करते. परिषदेच्या २०१६ च्या विनियमांनुसार पदवीचा कालावधी साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाच्या सक्तीच्या आंतरवासितेचा समावेश आहे. महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा मुंबईतील परळ येथे इ.स. १८८६ मध्ये सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून मानली जाते. हे महाविद्यालय आता नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत आहे.

प्रशिक्षणाचे टप्पे

आरंभी विद्यार्थी पशुधन प्रक्षेत्रावर जनावरांजवळ जाण्याची रीत, म्होरकी घालणे, खोड्यात उभे करणे, दूध काढणे आणि चारा-वैरणीचे व्यवस्थापन शिकतो. शरीररचनेचा अभ्यास विच्छेदनातून होतो. पुढील वर्षांत चिकित्सालयातील काम सुरू होते. तेथे तापमान व नाडी पाहणे, डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागील खोलगट भागावर) हात ठेवून कोठीपोटाची हालचाल मोजणे, मानेच्या शिरेतून औषध देणे व शस्त्रक्रियेत साहाय्य करणे ही कामे त्याच्याकडे येतात. आंतरवासितेत तो देखरेखीखाली रुग्णजनावरांची प्रत्यक्ष जबाबदारी घेतो.

गर्भतपासणी : एक उदाहरण

गाय किंवा म्हैस गाभण आहे की नाही, हे गुदद्वारातून हात घालून तपासण्याची पद्धत शिकणे सर्वांत अवघड मानले जाते. विद्यार्थी नखे कापून, लांब हातमोजा घालून व वंगण लावून हात आत घालतो आणि आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपतो. हा हात शिक्षकाला दिसत नाही. विद्यार्थ्याने नेमके काय धरले आहे, ते गर्भाशय आहे की मूत्राशय, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे येथे वर्णन ऐकण्यापेक्षा पुनःपुन्हा चाचपण्यालाच महत्त्व आहे.

चूक झाल्यास तिचा भार पशुपालकावर पडतो. रिकाम्या गायीला गाभण म्हटले, तर माजाची दर २१ दिवसांनी येणारी संधी हातची जाते आणि काही महिने चारा व्यर्थ खर्च होतो. गाभण गायीला रिकामी समजून कृत्रिम रेतन केले, तर गर्भपात होऊ शकतो. हात घाईने किंवा जोराने चालवल्यास आतड्याला इजा होण्याचा धोकाही असतो.

प्राणिकल्याण व पर्यायी साधने

एकाच जनावरावर अनेक विद्यार्थ्यांनी सराव केल्यास त्याला त्रास होतो. यासाठी प्रथम कत्तलखान्यातून आणलेल्या जननेंद्रियांवर आणि प्रतिकृतींवर सराव करून मगच जिवंत जनावराकडे वळण्याची पद्धत रूढ होत आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यक सारा बेली यांनी विकसित केलेल्या ‘हॅप्टिक काऊ’ या संगणकीय साधनात विद्यार्थ्याच्या बोटाला गर्भाशयाचा आभासी स्पर्श जाणवतो आणि त्याच्या हाताची हालचाल शिक्षकाला पडद्यावर दिसते. तथापि गायीचे हलणे, आतड्याचे आकुंचन आणि हाताला येणारा थकवा यांची पुरती सवय गोठ्यातच होते.

विद्यार्थ्यांची सुरक्षितता

लाथ किंवा शिंग लागणे हे नित्याचे धोके आहेत. त्याहून गंभीर धोका जनावरांपासून माणसांना होणाऱ्या रोगांचा असतो. गर्भपात झालेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढल्यास ब्रुसेलोसिसची लागण होऊ शकते. या रोगाची वासरांना दिली जाणारी लस जिवंत जंतूंची असल्याने सुई स्वतःला टोचली जाणेही धोक्याचे असते. रेबीजवर लक्षणे दिसू लागल्यानंतर खात्रीचा उपचार नाही, म्हणून चिकित्सालयात काम सुरू करण्यापूर्वीच विद्यार्थ्यांनी प्रतिबंधक लस घेणे आवश्यक ठरते.