ऑस्लोचे वार्तापत्र : पदकाच्या आधीची वाट

2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेने 16 सुवर्णपदके जिंकली. तोवर एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोणत्याच देशाला इतकी मिळाली नव्हती, आणि या देशाची लोकसंख्या जेमतेम 55 लाख. त्यातली 8, म्हणजे बरोबर निम्मी, नॉर्डिक स्कीइंगची होती. गुलमर्गला आपले पर्यटक पाहतात ते उतारावरून घसरण्याचे स्कीइंग. नॉर्डिक स्कीइंग वेगळे. त्यात बुटाची टाच स्कीला बांधलेली नसते, त्यामुळे सपाटीवर आणि चढावरही स्वतःच्या पायांच्या व हातांतल्या काठ्यांच्या जोरावर मैलोन् मैल जाता येते. ही झाली क्रॉस-कंट्री. तिच्या जोडीला स्की-जंपिंग आणि दोहोंचा मेळ असलेली कम्बाइन्ड.

या यशाचे श्रेय बर्फाला देण्याचा मोह होतो. पण बर्फ कॅनडातही उदंड आहे, तरी क्रॉस-कंट्रीत तो देश नॉर्वेच्या जवळपासही नाही. मग पैसा? समुद्रातल्या तेलाचा मोठा साठा नॉर्वेला 1969 मध्ये सापडला. त्याआधीच, 1952 च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये, हा देश पदकतालिकेत पहिला होता. 1924 मध्ये शामोनीला पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा थोरलेइफ हाउगने एकट्याने तीन सुवर्णपदके नेली. त्या काळी नॉर्वेत आजची सुबत्ता नव्हती. पैशाने प्रशिक्षक आणि स्कीला लावायचे उत्तम मेण मिळते हे खरे, पण पैसा यायच्या आधीचे यश पैशाने कसे समजावणार?

माझ्या मते उत्तर जमिनीच्या कायद्यात आहे. फिरण्याच्या जुन्या रिवाजाला लेखी रूप देणाऱ्या 1957 च्या कायद्याने रानावनात, माळरानावर, डोंगरात कोणालाही बारा महिने मुक्तपणे फिरता येते, जमीन कोणाच्याही मालकीची असो. लागवडीच्या शेतांत मात्र उन्हाळ्यात मज्जाव; जमीन गोठली किंवा बर्फाने झाकली गेली की तीही खुली होतात, घराभोवतालचे आवार तेवढे सोडून. म्हणजे हिवाळा आला की देशाचे मैदान आपोआप मोठे होते. ऑस्लोत मेट्रोची एक नंबरची गाडी थेट जंगलाच्या कडेला, फ्रोग्नेरसेतेरेनला पोहोचते. स्की घेऊन चढलेले प्रवासी तिथे उतरून वाटेला लागतात. हे जंगल बिल्डरांच्या हाती पडू नये म्हणून 2009 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. 1883 साली स्थापन झालेली स्की-संघटना या परिसरातल्या वाटा यंत्राने आखते, आणि अंधार लवकर पडतो म्हणून अनेक वाटांवर दिवे असतात. गावोगावच्या स्की-क्लबांचे बरेचसे काम पालक आणि शेजारी श्रमदानाने उचलतात. याच क्लबांत मुले वाढतात, आणि अकरा वर्षांच्या आत त्यांच्या शर्यतींचे क्रमांक लावायचे नाहीत असा देशाच्या क्रीडासंघटनेचा नियम आहे. लहानपणी हरला म्हणून कोणी वाट सोडत नाही. जिंकणारे पुढे याच मोठ्या घोळक्यातून निघतात.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला साधनांच्या किमतीचा. स्की, बूट, कपडे आज महाग आहेत आणि स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाचा खर्च साध्या घराला जड जातो. अनेक ठिकाणी स्की फुकट वापरायला देणारी केंद्रे आहेत, पण त्यांतून रविवारचा फेरफटका होतो, स्पर्धेची तयारी होत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. दुसरा 2025 चा. त्या वर्षी त्रोन्हाइमच्या जागतिक स्पर्धेत यजमान नॉर्वेच्याच स्की-जंपिंग संघाच्या पोशाखांत नियमबाह्य फेरफार केल्याचे उघड झाले. मग निकोप क्रीडासंस्कृतीचे काय? ही लबाडी लपवण्यासारखी नाही, आणि तिची चीड नॉर्वेतल्या लोकांनाच आली. पण ती संघातल्या मोजक्या जाणत्यांनी केली होती. खुल्या वाटेने लबाडी थांबते असा माझा दावा नाही. खेळणारे घडतात एवढाच आहे.

खरा धोका तिसराच. ऑस्लोच्या सखल भागातला बर्फाचा हंगाम आखडत चालला आहे. कृत्रिम बर्फाच्या छोट्या फेऱ्यांवर शर्यती भागतील, पण गर्दीत गोल गोल फिरायला सामान्य माणूस किती दिवस येईल? महाराष्ट्रातही मैदाने आखडतात, त्यांवर इमारती उभ्या राहतात आणि नंतर आपण पदकांची वाट पाहत बसतो. नॉर्वेकडून काही घ्यायचेच असेल, तर आधी तो 1957 चा कायदा वाचा.