सागरी सहलीचा हंगाम : सुट्यांचे वेळापत्रक आणि समुद्राचे वेळापत्रक

मुंबई : उबदार हवेतील सागरी सहलीसाठी भारतीय पर्यटकाला फार दूर जावे लागत नाही. अरबी समुद्राचे आणि बंगालच्या उपसागराचे पाणी बाराही महिने उबदार असते. त्यामुळे येथे हंगाम ठरतो तो तापमानावरून नव्हे, तर वारा आणि लाटांवरून. अडचण अशी की, समुद्र सर्वांत शांत असतो तो काळ शाळांच्या परीक्षांचा आणि घराघरांत सहलीचे बेत आखले जातात त्या मे महिन्याच्या व दिवाळीच्या सुट्या चक्रीवादळांच्या काळात येतात.

देशांतर्गत जलपर्यटनाला गेल्या काही वर्षांत वेग आला आहे. मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज २०१८ मध्ये सुरू झाले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि त्यानंतर वर्षभराने मुंबईतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सहली आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही विचारात येऊ लागल्या आहेत. अशा कुटुंबासाठी तिकिटाची रक्कम लहान नसते. म्हणूनच महिन्याची निवड महत्त्वाची ठरते.

पहिला अडसर पावसाळ्याचा

नैर्ऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणे १ जूनला केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत दाखल होतात. या वाऱ्यांचा रोख थेट पश्चिम किनाऱ्याकडे असल्याने जून ते ऑगस्ट या काळात खुल्या समुद्रात तीन-चार मीटर उंचीच्या लाटा नेहमीच्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करूनच कोळी बांधव पुन्हा होड्या लोटतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला, तोही ऐन पावसाळ्यातच.

आजची मोठी जहाजे त्या काळच्या बोटींपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. तरीही त्यांचे चालक हा ऋतू टाळतात. मुंबईहून चालणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज जून २०२३ मध्ये चेन्नईहून श्रीलंकेकडे रवाना करण्यात आले होते. नैर्ऋत्य वाऱ्यांपासून पूर्व किनाऱ्याला भूभागाचा आडोसा मिळतो, हा या स्थलांतरामागील सोपा हिशेब.

वादळांचे दोन काळ

पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे चक्रीवादळांचे दोन काळ असतात. त्यांपैकी मे आणि नोव्हेंबर हे महिने अधिक धोक्याचे मानले जातात. चक्रीवादळाला सुमारे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक उबदार पाणी लागते आणि वातावरणाच्या खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फारशी तफावत चालत नाही. ऐन मोसमात ही तफावत मोठी असल्याने तीव्र वादळे क्वचितच तयार होतात. मोसमाच्या दोन्ही कडांना मात्र पाणी तापलेले आणि वरचे वारे मंदावलेले असतात.

मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळात मुंबईनजीकच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि ७० हून अधिक कामगारांनी प्राण गमावले. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत ‘क्यार’ने कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याला झोडपले. २००७ मधील ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात तयार झालेले ते पहिलेच महाचक्रीवादळ होते. प्रवासी जहाजे पूर्वसूचना मिळताच वादळापासून दूर जातात. त्यामुळे पर्यटकाच्या जिवाला धोका कमी असतो. परंतु सहल रद्द होणे, बंदर गाळले जाणे किंवा दोन दिवस केबिनमध्ये पडून राहावे लागणे, हे नुकसान त्याच्याच वाट्याला येते.

शांत समुद्राचे महिने

पश्चिम किनारा आणि लक्षद्वीपसाठी डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. हवा कोरडी, वारे सौम्य आणि पाणी नितळ असते. लक्षद्वीपमधील अनेक बेटांवर मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. समुद्र खवळलेला असेल तर बेट डोळ्यांसमोर असूनही उतरता येत नाही. बेटांवर जाण्यासाठी प्रवेश परवाना आवश्यक असल्याने तयारीही आधीपासून करावी लागते.

बंगालच्या उपसागराचे गणित थोडे वेगळे आहे. तेथे वादळांची संख्या अरबी समुद्रापेक्षा अधिक असते आणि त्यांचा काळ डिसेंबरपर्यंत लांबतो. डिसेंबर २०१६ मध्ये हवामान बिघडल्याने अंदमानच्या हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांच्या सुटकेसाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. त्यामुळे अंदमानसाठी जानेवारी ते मार्च हा काळ अधिक योग्य.

परदेशी सहलींनाही हाच नियम लागू होतो. कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून सप्टेंबरमध्ये तो शिखरावर असतो. त्या महिन्यांत तिकिटे स्वस्त मिळतात, याचे एक कारण हेच.

तडजोड कोठे करावी?

शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांसाठी नाताळची सुटी किंवा प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारे दिवस हा सर्वांत चांगला मध्यममार्ग. मात्र नाताळात दर चढे असतात. ज्येष्ठ नागरिक आणि सुटीचे बंधन नसलेल्यांनी फेब्रुवारी निवडल्यास गर्दी आणि दर दोन्ही तुलनेने कमी असतात. दिवाळीत किंवा मे महिन्यातच जायचे असेल, तर दोन-तीन रात्रींचा छोटा मार्ग घ्यावा आणि जहाज सुटण्याच्या आधी-नंतरचा एखादा दिवस मोकळा ठेवावा.

आरक्षणापूर्वी तिकिटाच्या अटी वाचणे तितकेच आवश्यक आहे. हवामानामुळे मार्ग किंवा बंदर बदलण्याचा अधिकार कंपन्या सहसा स्वतःकडे राखून ठेवतात आणि गाळलेल्या बंदरासाठी तिकिटाची पूर्ण रक्कम परत मिळेलच असे नाही. प्रवास विम्यात हवामानामुळे होणारी रद्दबातल समाविष्ट आहे का, हेही तपासावे. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांत चक्रीवादळ तयार होण्याच्या शक्यतेचा अंदाज प्रसिद्ध करतो. सामान भरण्यापूर्वी तो पाहिल्यास आयत्या वेळची धावपळ बऱ्याच अंशी टळू शकते.