१९४७ साली डॉलर किती रुपयांना होता?

सुरतेच्या महिधरपुरा हिरेबाजारात सौदे भररस्त्यात होतात. दलाल खिशातून कागदी पुडी काढून उघडतो, समोरचा भिंगातून हिरा निरखतो आणि घासाघीस सुरू होते. तयार हिऱ्याचा जागतिक भाव कॅरटमागे डॉलरमध्ये धरला जातो. त्यामुळे डॉलरच्या दराची झळ या शहरात हिरे घासणाऱ्या कारखान्यांपर्यंत पोचते. तरीही एक विधान इथे आणि महाराष्ट्रातही बिनदिक्कत फिरत असते: स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एक रुपयाला एक डॉलर मिळत होता.

हे साफ चूक आहे, आणि पडताळायला दोन भागाकार पुरतात. तेव्हा रुपयाची गाठ ब्रिटिश पौंडाशी बांधलेली होती. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स ठरवला. पौंडाचे पेन्स २४०. २४० भागिले १८, म्हणजे पौंडाला १३.३३ रुपये. १९४७ साली एका पौंडाला ४.०३ डॉलर मिळत. १३.३३ ला ४.०३ ने भागा: डॉलर ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास येतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे १९४६ च्या अखेरीस रुपयाचा भाव ३०.२२५ सेंट असा नोंदला गेला, तो याच हिशेबाने.

या दाव्याला नेहमी एक कारण जोडले जाते: देशावर तेव्हा परकीय कर्ज नव्हते, म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता. कर्ज असणे-नसणे आणि दर एकास एक असणे यांचा असा थेट संबंध नसतो. उलट दुसऱ्या महायुद्धातल्या खर्चापोटी ब्रिटनच हिंदुस्थानचे शंभर कोटी पौंडांहून अधिक देणे लागत होता. देश धनको असूनही डॉलरला सव्वातीन रुपये पडतच होते.

१९१७ साली एका रुपयाला १३ डॉलर मिळत, हा दावा तर त्याहून अचाट आहे. त्या सुमाराला डॉलर तीन रुपयांच्या आसपास होता. पौंडाच्या १३.३३ या आकड्याचीच कुणीतरी उलटापालट केली असावी, असा माझा अंदाज आहे.

मग रुपया घसरला कसा? सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला आणि भारतानेही रुपया त्याच प्रमाणात उतरवला. डॉलर ४.७६ रुपये झाला. ६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने तो एका फटक्यात ७.५० केला. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झाले. पण ही वाट एकाच दिशेची नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा भारताने रुपयाला हात लावला नाही, आणि २१ रुपयांचा पौंड १८ वर आला. २००२ मध्ये ४९ च्या आसपास असलेला डॉलर २००७ च्या अखेरीस ४० च्याही खाली होता.

जुने तक्ते वाचताना आणखी एक भान हवे. ७.५० हा सरकारी दर होता. त्या दराने कुणीही बँकेत जाऊन डॉलर मागावेत आणि मिळावेत, अशी सोय नव्हती, परवानगी लागे. कागदावरचा तो स्वस्त डॉलर सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येई. मार्च १९९३ पासून दर बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक चढउतार आवरण्यासाठी डॉलर विकते किंवा घेते, पण रोज सकाळी दर जाहीर करते ही समजूत खरी नाही.

सरकारने आकडा ठरवण्याची पद्धतही तशी अलीकडचीच. मोगल काळात सुरत बंदरात स्पेनचे रियाल येत, तेव्हा सराफ त्यांचे वजन आणि कस पाही. रियाल सुमारे २७ ग्रॅमचा, रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा आणि कसाला सरस. म्हणून एका रियालला दोनाहून थोडे अधिक रुपये. टांकसाळीत आकार भरून चांदीचे रुपये पाडून मिळत. रुपया जुना झाला की त्यावरही बट्टा बसे. १६७४ साली रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीची मागणी होती की मुंबईचे इंग्रजी नाणे स्वराज्यात चालावे. शिवाजी महाराजांचे म्हणणे असे होते की कोणत्याही नाण्याला आमची मनाई नाही, पण रयतेने तोटा सोसून ते घ्यावे अशी सक्ती करता येणार नाही; मोगली नाण्याइतके कसदार आणि वजनदार असेल तर ते आपोआप चालेल. विनिमय दराची इतकी नेमकी समज मला त्या काळच्या राज्यकर्त्यांत विरळा वाटते.

आता सुरतेतलाच एक समज: रुपया पडला की हिरेवाल्यांची चांदी. पण कच्चा हिरा, म्हणजे रफ, जवळजवळ सगळा परदेशातून डॉलर मोजूनच येतो. समजा ८० डॉलरच्या रफमधून १०० डॉलरचा तयार हिरा निघाला. डॉलर ८० रुपये असताना विक्री ८,००० ची, रफ ६,४०० ची, हातात १,६००. डॉलर ८५ झाला तर विक्री ८,५०० ची, रफ ६,८०० ची, हातात १,७००. विक्रीत ५०० ची वाढ दिसते, पदरात पडतात १०० रुपये, आणि पुढच्या खरेदीसाठी ४०० रुपये जास्तीचे भांडवल उभे करावे लागते. हिरा घासणाऱ्या रत्नकलाकाराची मजुरी मात्र रुपयांत ठरलेली असते. डॉलर ८० चा ८५ झाला म्हणून ती आपोआप वाढत नाही.