मनी परतली, तिचा वास परतला नाही

चिमणीच्या पिल्लाला हात लावू नको, माणसाचा हात लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात. ही ताकीद ऐकल्याशिवाय मराठी घरातलं बालपण सहसा सरत नाही. चिमण्यांच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. माणसाचा वास लागला म्हणून चिमण्या पिल्लाला टाकत नाहीत. पण हीच समजूत कुणी मांजरांबद्दल सांगितली असती, तर ती सत्याच्या बरीच जवळ गेली असती.

समजा, मांडा-टिटवाळ्यातलं एक वन बीएचके घर आहे. घरात मनी आणि सोनी, एकाच वेताच्या दोघी बहिणी. तीन वर्षं एका गोधडीवर झोपलेल्या, एकमेकींचे कान चाटून साफ करणाऱ्या. मनीला नसबंदीच्या ऑपरेशनसाठी टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रिक्षातून घरी आली आणि हॉलमध्ये टोपली उघडली. सोनी धावत आली, नाक पुढे केलं आणि जागीच थबकली. शेपटी बाटली धुण्याच्या ब्रशसारखी फुलली, कान मागे गेले, एक लांब ‘फिस्स’ आणि मग पंजा. मनी सोफ्याखाली शिरली.

घरचे दोन अर्थ काढतात. एक, सोनी रुसली. दोन, ऑपरेशनमुळे मनीचा स्वभाव बिघडला. दोन्ही चूक. सोनीच्या लेखी ती मनी नव्हतीच. मनीच्या अंगावर जंतुनाशक होतं, भुलीच्या औषधाचा वास होता, आधी येऊन गेलेल्या कुत्र्यांचा वास होता आणि स्वतः मनीच्या घाबरण्याचाही होता. मांजरांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे या प्रकाराला ‘ओळख न पटल्याने होणारी आक्रमकता’ म्हणतात. यात हल्ला बहुधा घरी राहिलेलं मांजर करतं आणि मार परत आलेल्याला बसतो.

एका घराचा एक वास

मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली, डोळे-कानांच्या मधल्या भागात, शेपटीच्या मुळाशी आणि पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. मांजर दाराच्या चौकटीला किंवा आपल्या पायाला गाल घासतं, तेव्हा ते लाडात आलेलं असतंच, पण त्याच वेळी तिथे आपला गंध लावत असतं. फ्रान्समधले पशुवैद्यक पॅट्रिक पाजा यांनी मांजरांच्या गालांवरच्या स्रावाचे पाच वेगवेगळे गट ओळखले. त्यातला तिसरा गट ओळखीच्या वस्तूंवर लावला जातो, तर चौथा ओळखीच्या मांजरांना आणि माणसांना अंग घासताना. एकत्र राहणारी मांजरं रोज अंग घासून, चाटून आपापले गंध एकमेकांत मिसळतात आणि त्यातून सगळ्या घराचा मिळून एक वास तयार होतो. तो ज्याच्या अंगाला येतो तो घरचा, न येणारा परका.

हा वास तपासायला मांजराकडे नाकाखेरीज आणखी एक साधन आहे. वरच्या सुळ्यांमधल्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूत त्याची छोटी छिद्रं असतात. डॅनिश शल्यविशारद लुडविग जेकबसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं, म्हणून ते जेकबसनचं इंद्रिय. एखादी जागा हुंगून मांजर वरचा ओठ उचलतं आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर विचारात पडल्यासारखं दिसतं. तेव्हा ते गंधाचे कण या इंद्रियाकडे पोचवत असतं.

मग डोळ्यांचं काय? मांजर सोबत्याचा चेहरा विसरतं का? तसं नाही. जपानमध्ये झालेलं एक संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. घरातल्या मांजराला सोबती मांजराचं नाव ऐकवलं आणि पडद्यावर भलत्याच मांजराचा चेहरा दाखवला, तर ते पडद्याकडे जास्त वेळ बघत राहिलं. म्हणजे कुठल्या नावाचा चेहरा कुठला, हे त्याला ठाऊक असतं. सोनीची अडचण वेगळी आहे. समोर चेहरा मनीचा आणि वास परक्याचा. अशा पेचात मांजर नाकाचा कौल मानतं.

याचं मूळ त्याच्या पूर्वजांत आहे. पाळीव मांजर हे फेलिस लिबिका या रानमांजराचं वंशज आहे, हे २००७ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसून आलं. हा प्राणी एकटा शिकार करणारा. गंधाची खूण वाचून परक्याला टाळणं, हाच त्याचा जगण्याचा मार्ग. सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दफनाशेजारी मांजराचं दफन सापडलं आहे, म्हणजे माणसाची सोबत जुनी. खाण्याची चंगळ असेल तिथे मांजरं एकत्र राहतातही, पण अशा घोळक्याचा कणा असतो तो आई, मुली, बहिणी, मावश्यांचा. परक्याला तिथे सहज शिरकाव नाही. आपल्या हॉलमध्ये सोनीने हाच नियम पाळला.

घाई केली तर

पहिलं भांडण तितकंसं धोकादायक नसतं. धोकादायक असते ती आपली पुढची कृती. ‘अगं, ही आपली मनीच ना!’ म्हणत दोघींची तोंडं एकमेकींसमोर धरली, की दोघींच्याही लेखी त्या वासाला भीती चिकटते. दोन दिवसांत निवळणारी गोष्ट मग कित्येक आठवडे चालते.

दुसरी चूक म्हणजे दवाखान्याचा वास घालवायला मनीला डेटॉलच्या पाण्याने पुसणं. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी रसायनं निकामी करणारं एक महत्त्वाचं विकर नीट तयारच होत नाही; त्याचं जनुक मांजरांच्या कुळात निकामी झालेलं आहे. अंगाला लागलेलं जंतुनाशक ती चाटते आणि ते विष ठरू शकतं. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, तीही मुख्यतः याच उणिवेमुळे.

बरोबर रीत संथ आहे. घरी आल्यावर मनीला थेट बेडरूममध्ये न्यावं. पाणी, खाणं, वाळूचा ट्रे तिथेच. ऑपरेशननंतर तिला विश्रांती हवीच असते. गळ्यात प्लास्टिकचा कोन असेल, तर तिला अंग चाटता येत नाही आणि घरचा वास परतायला उशीर लागतो, हे लक्षात घ्यावं. सोनी झोपते ती गोधडी न धुता मनीला द्यावी. सुती फडकं एकीच्या गालांवर हलकेच फिरवून दुसरीच्या खाण्याच्या वाटीजवळ ठेवावं, आणि उलटही. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींना जेवायला द्यावं. दोघी शांतपणे खाऊ लागल्या की वाट्या हळूहळू दाराजवळ आणाव्यात. त्यानंतर दार बोटभर उघडं ठेवून किंवा जाळीआडून त्यांना एकमेकींना बघू द्यावं. कुणी फिस्कारलं, तर एक पायरी मागे जावं. दार पूर्ण उघडण्यासाठी निवांत दिवस निवडावा. टिटवाळ्यात अंगारकीला गर्दी असते, घरी पाहुणे उतरतात, बाहेर वाजतगाजत असतं. आवाजाने बिथरलेलं मांजर राग समोर दिसेल त्याच्यावर काढतं, म्हणून तो दिवस टाळावा.

भांडण जुंपलंच, तर मध्ये हात घालू नये. उशी किंवा पुठ्ठा आडवा धरावा. मांजर चावलं किंवा बोचकारलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रेबीजची लस घ्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

फिस्कारणं थांबलं म्हणजे समेट झाला, असंही नाही. एकीने दारात बसून दुसरीला ट्रेकडे जाऊ न देणं, टक लावून बघणं, ही मुक्या भांडणाची लक्षणं आहेत. म्हणून दोन मांजरांना तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या जागी, असा हिशेब पशुवैद्यक सांगतात. तणावाने मांजरांचं मूत्राशय सुजतं. घरात बोका असेल आणि तो ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नये; त्याच्या जिवावर बेतू शकतं.

गणपतीला कोकणात जाणाऱ्या घरांनाही हेच लागू. एक मांजर सोबत आणि एक शेजाऱ्यांकडे, अशी वाटणी करू नका. दोघींना घरीच ठेवून शेजाऱ्यांना किल्ली द्या. एकीला दवाखान्यात न्यावंच लागलं, तर टोपलीत घरचं न धुतलेलं फडकं घाला आणि परत आल्यावर टोपली हॉलमध्ये उघडू नका.